परतीची दोरी

पावसाळा अर्धा सरला की भिवंडी तालुक्यातल्या बंद दगडखाणी काठोकाठ भरतात. वरून हिरवट, निवांत पाणी दिसतं. आत सुरुंगाने फोडलेले उभे कडे, मध्येच सुटलेल्या कपारी आणि तळाला ढोपरभर गाळ. अशाच एका खदानीत एक मुलगा बुडाला, तेव्हा मी काठावर होतो. अग्निशमन दलाची गाडी यायची होती. तोवर गावातला एक पट्टीचा पोहणारा कमरेला नायलॉनचा दोर बांधून उतरला. दोराचं दुसरं टोक एका म्हाताऱ्याच्या हातात होतं. त्याच्या तळव्यावर वळ उठले होते, पण त्याने मूठ सैल केली नाही. "बाबा, आतलं काय कळतं तुम्हाला?" मी विचारलं. पाण्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "एक झटका आला का सोडायचा, दोन आले का वडायचा."

चौथ्या बुडीला मुलगा हाती लागला. तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या पोहणाऱ्याला खाली काहीच दिसत नव्हतं, तो हाताने चाचपडत होता. पण त्याच्या डोक्यावर पाणी होतं आणि पाण्यावर आभाळ. दम संपत आला की पाय मारून वर यायचं, एवढी एक वाट त्याला कायम मोकळी होती. पाण्यावर दगडाचं छत असेल तर ती वाट बंद होते. वर जाऊन डोकं फक्त खडकावर आपटतं. आलो त्याच वाटेने मागे जावं लागतं, शिल्लक हवेत आणि बहुतेक वेळा अंधारात. पाण्याखालच्या गुहांत उतरायचं सगळं शिक्षण या एका फरकातून जन्मलं.

आपल्या सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा. पाण्यात विरघळून मैलोन् मैल बोगदे तयार होतात ते चुनखडकात, त्यामुळे अशा गुहा आपल्या अंगणात नाहीत. भिवंडीजवळ लोनाडला लेणी आहेत, पण ती छिन्नीने कोरलेली आणि कोरडी. म्हणूनच २०१८ च्या जुलैत थायलंडच्या गुहेत अडकलेली मुलं टीव्हीवर दिसू लागली, तेव्हा ही काय भानगड आहे हे आपल्याकडे फारसं कुणाला कळेना. मुलं जिवंत सापडली आहेत, नौदल आहे, सिलिंडर आहेत, मग आणत का नाहीत बाहेर? घराघरांत हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर ८३ वर्षं मागे जातं.

१९३५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, वूकी होल नावाच्या गुहेत, ग्रॅहम बाल्कम आणि जॅक शेपर्ड हे दोन तरुण उतरले. दोघेही टपाल खात्यातले अभियंते, सुटीच्या दिवशी गुहा धुंडाळणारे. आदल्या वर्षी त्यांनी जवळच्याच स्विल्डन्स होल गुहेत घरगुती साधनांनी पाण्याखालून पुढे जायचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. या वेळी सीब गॉर्मन कंपनीने त्यांना बंदरातल्या पाणबुड्यांचा पोशाख वापरायला दिला. डोक्यावर तांब्याचं जड शिरस्त्राण, पायांत शिशाचे बूट. पाठीमागे लांबच लांब रबरी नळी, आणि तिच्यातून हवा पाठवायला काठावर पंप मारणारी माणसं. ते पोहत नव्हते, नदीच्या तळावरून चालत होते.

त्या अवजड पोशाखात एक सोय आपोआप होती. हवेची नळी हीच परतीची वाट होती. गाळ उठला, दिवा विझला, तरी नळीला धरून मागे यायचं. पुढे पाठीवर सिलिंडर घेऊन मोकळं पोहायचं तंत्र आलं, माणूस माशासारखा सुटला, आणि त्याबरोबर ती नळीही गेली. आता वाट दाखवणारं काही उरलं नाही. तिच्या जागी दोरी आणावी लागेल, हे लोकांना समजायला फार जीव गेले. बाल्कम आणि त्यांच्या मित्रांनी १९४६ मध्ये 'केव्ह डायव्हिंग ग्रुप' नावाचं मंडळ स्थापन केलं. ते आजही चालू आहे. हे नाव लक्षात ठेवावं, कारण थायलंडमध्ये ते पुन्हा भेटणार आहे.

त्याच वर्षी, २७ ऑगस्ट १९४६ रोजी, फ्रान्समध्ये झाक कूस्तो मरता मरता वाचले. खांद्यावरच्या सिलिंडरमधून हवा देणारं यंत्र त्यांनीच एमिल गान्यान यांच्या साथीने काही वर्षांपूर्वी बनवलं होतं. व्होक्लूझच्या झऱ्यात ते आणि त्यांचे सोबती फ्रेडरिक द्यूमा उतरले. खाली गेल्यावर दोघांची डोकी जड झाली, सुचेनासं झालं. सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःचाच धूर आत ओढला होता आणि त्यांच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड जात होता, हे नंतर कळलं. वर मोरिस फार्ग नावाचा साथीदार दोर धरून बसला होता. खालून आलेले झटके त्याला नीट उमगले नाहीत, आणि ओढायच्या वेळी त्याने दोर आणखी सैल सोडला. शेवटी त्याला शंका आली, त्याने जोर लावून ओढलं, म्हणून दोघे वाचले. खदानीच्या काठावरचा तो म्हातारा मला आठवतो तो इथे. काठावरच्या माणसाने झटके मोजणं हा भरवशाचा मार्ग नाही, हे व्होक्लूझने दाखवलं. दोरीचं टोक बाहेर पक्कं हवं, पण ती धरून परतायचं काम आत गेलेल्याचंच.

पुढचा बराचसा इतिहास अमेरिकेतल्या फ्लोरिडात घडला. तिथे जमिनीखाली चुनखडकाची चाळण आहे आणि तिच्यातून काचेसारखं नितळ, बारमाही कोमट पाणी वर येतं. १९६० नंतर सिलिंडर बाजारात सहज मिळू लागले. समुद्रात बुडी मारायला शिकलेले तरुण या झऱ्यांच्या तोंडाशी जमले. पाणी इतकं स्वच्छ की आतली वाट खुणावायची. जाताना सगळं लख्ख दिसायचं. पण पायातल्या फिन्सच्या फटकाऱ्याने तळाचा पिठासारखा गाळ उठायचा, आणि मागे वळेपर्यंत डोळ्यांपुढे भिंत उभी राहायची. दार दहा हातांवर असूनही माणसं मेली. शेकड्यांनी मेली. त्यांत समुद्रात बुडी मारायला शिकवणारे प्रशिक्षकही होते. मला ही बाब सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मरणारे अडाणी नव्हते. एका पाण्याचं ज्ञान ते दुसऱ्या पाण्यात घेऊन गेले होते.

झऱ्यांना जाळी ठोका, लोखंडी दारं लावा, अशी मागणी होऊ लागली. त्या दबावाखाली १९६८ मध्ये तिथल्या गुहा-पाणबुड्यांनी राष्ट्रीय संघटना काढली आणि शिक्षणाचे धडे बांधायला घेतले. या सगळ्यांत एक गणिताचा मास्तर होता, शेक एक्सली. १९४९ चा जन्म, १९६६ मध्ये पहिल्यांदा गुहेत उतरला, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी गुहेतल्या हजार बुड्यांची नोंद करणारा जगातला पहिला माणूस ठरला. इतरांचे मृतदेह बाहेर काढायचं कामही त्याच्याकडे यायचं. तो प्रत्येक मृत्यूची टिपणं ठेवी. दोरी होती का? सिलिंडरमध्ये किती हवा उरली? किती खोल गेले होते? १९७९ मध्ये त्याने एक छोटं पुस्तक काढलं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एका खऱ्या अपघाताची हकिकत आणि मग तो टाळायचा नियम, अशी त्याची मांडणी. मेलेल्या माणसांकडून शिकून लिहिलेलं ते पाठ्यपुस्तक होतं.

त्यातून तीन कारणं वर आली. दारापर्यंत सलग दोरी नसणं, परतीची हवा राखून न ठेवणं आणि झेपेल त्याहून खोल जाणं. पुढे त्यांत आणखी दोन जोडली गेली, गुहेचं शिक्षणच नसणं आणि पुरेसे दिवे नसणं. तेव्हापासून प्रत्येकाजवळ तीन दिवे असावेत असा दंडक झाला.

हवेचा हिशेब मास्तराला शोभेल असा आहे. समजा सिलिंडरमध्ये १८० बार दाब आहे. ६० वापरून झाले की, कितीही मोह झाला तरी, मागे फिरायचं. परतायला ६० लागतील, मग उरलेले ६० कशाला? सोबत्यासाठी. सगळ्यांत आतल्या टोकाला, नेमकं वळताना, सोबत्याचं यंत्र बिघडलं आणि त्याची हवा शून्य झाली, तर एका सिलिंडरवर दोघांना बाहेर यायचं आहे. ६० तुझे, ६० त्याचे. तिसऱ्या हिश्श्याचा हा नियम दुसऱ्याच्या जिवाचा हिशेब आधी धरतो, म्हणून मला तो नुसता गणिताचा वाटत नाही.

पण प्रत्येकाला मैलभर आत जायचं नसतं. बहुतेकांना दारातून जरा आत डोकावायचं असतं, आणि नेमके तेच मरत होते. त्यांच्यासाठी पहिली पायरी आखली गेली, कॅव्हर्न डायव्हिंगची. कॅव्हर्न म्हणजे गुहेचा ओसरीचा भाग, जिथून दाराचा उजेड दिसतो. उजेड दिसेनासा झाला की कॅव्हर्न संपली, गुहा सुरू झाली. आज जगभर चालणाऱ्या एका अभ्यासक्रमात पृष्ठभागापासून खोली आणि आतलं अंतर मिळून ४० मीटरची मर्यादा आहे, किमान वय १८ आणि किमान ४ बुड्या. जिथून दोघे शेजारी-शेजारी जाऊ शकत नाहीत अशा फटीत शिरायचं नाही.

या शिक्षणाचा पहिला धडा पाण्यात होत नाही, झाडांखाली होतो. हातात फिरकी असते. पतंगाच्या फिरकीची धाकटी बहीणच ती, मांजाऐवजी दोनेक मिलिमीटरची नायलॉनची दोरी. शिकणाऱ्याने ती झाडाला पहिली गाठ मारून, मग दगडाला वेढा देऊन ताणून न्यायची. सैल राहिली की पायात अडकते. मग डोळे मिटायचे, अंगठा आणि तर्जनीचं कडं दोरीभोवती ठेवायचं आणि परत यायचं. मागचा माणूस पुढच्याचा दंड धरतो. बोलायचं नाही. पुढे ढकललं की चल, दाबलं की थांब. डोळे मिटून चार झाडं पार करताना धडधाकट माणसं ठेचकाळतात, गाठीपाशी हात सुटतो, आणि दोरी कुठल्या बाजूला होती हे क्षणात विसरतात. हे शेवाळी हिरवळीवर घडलं तर कपडे मळतात, एवढंच. तेच मग पाण्यात, दिवे बंद करून. सोबत्याच्या तोंडचं यंत्र काढून घेऊन, एकाच सिलिंडरवर दोघांनी. फिन्स वरखाली मारायच्या नाहीत, बेडकासारखे पाय आखडून बाजूला लोटायचे, म्हणजे गाळ उठत नाही. वाटेत दोरीवर बाणाच्या आकाराच्या खुणा लावतात. बाण नेहमी जवळच्या दाराकडे. त्याचे कोपरे बोटांना लागतात, डोळ्यांची गरज नाही.

फ्लोरिडातल्या गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली फलक लागले. त्यांवर यमदूताचं चित्र, आणि शिक्षण नसेल तर यापुढे जाऊ नका असा इशारा. शिकलेल्यांचे मृत्यू त्यानंतर कमी झाले, थांबले मात्र नाहीत. ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतल्या झाकातोन विवरात विक्रमी खोली गाठताना शेक एक्सलीच गेला. खोलीबद्दलचा नियम त्यानेच लिहिला होता. त्याच्याबद्दल मनात आदर असूनही हे सांगायला हवं.

आता थायलंड. २३ जून २०१८, शनिवार. च्यांग राय प्रांतातल्या फुटबॉल संघाची १२ मुलं, वयं ११ ते १६, आणि त्यांचा २५ वर्षांचा सहायक प्रशिक्षक सरावानंतर थाम लुआंग गुहेत गेले. सुमारे १० किलोमीटर लांबीची ही चुनखडकाची गुहा पावसाळ्यात नदी होते. त्या दिवशी पाऊस ठरल्या वेळेआधी आला आणि मागची वाट बुडाली. २५ तारखेला थाई नौदलाचे सील कमांडो पोचले. ही जिगरबाज माणसं, पण त्यांचं शिक्षण मोकळ्या समुद्राचं. गढूळ लोंढ्यात, दगडी छताखाली, ते पुन्हा पुन्हा मागे रेटले गेले.

जवळच राहणाऱ्या आणि ही गुहा वर्षानुवर्षं मोजणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाने अधिकाऱ्यांना नावं सुचवली. रिक स्टॅन्टन, निवृत्त अग्निशमन जवान. जॉन व्होलान्थन, संगणक सल्लागार. दोघेही बाल्कम यांच्या त्याच १९४६ च्या मंडळाचे सभासद. २७ जूनला ते आले. पहिल्याच दिवसांत त्यांना आत पाणी चढल्यामुळे अडकलेले पंपावरचे ४ कामगार सापडले. छोट्याशा बुडीत त्यांना बाहेर काढताना मोठी माणसंही घाबरून झटापट करू लागली. अर्ध्या मिनिटाच्या पाण्यात बाप्यांची ही गत, तर काही तास मुलं कशी राहतील? त्या प्रसंगाने पुढचा निर्णय ठरवला.

२ जुलैच्या रात्री दोघे दोरी टाकत टाकत दारापासून सुमारे ४ किलोमीटर आत गेले. हवेचा कप्पा आला की तोंडावरचा मास्क काढून वास घ्यायचा, ही त्यांची रीत. एका कप्प्यात वास आला, आणि मग अंधारात तेरा जण दिसले. सगळे जिवंत.

आनंद जगभर झाला, पण अडचण तिथूनच सुरू झाली. जायला-यायला अनुभवी माणसांनाही सुमारे ११ तास लागत होते. मुलांना पोहताही नीट येत नव्हतं. ६ जुलैच्या पहाटे समान कुनान हे नौदलातून निवृत्त झालेले कमांडो वाटेवर सिलिंडर ठेवून परतताना बेशुद्ध झाले आणि गेले. कप्प्यातला प्राणवायू नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर उतरला होता. मोठा पाऊस तोंडावर होता.

त्याच दिवसांत आपली माणसं तिथे होती. भारतीय दूतावासाने पंप बनवणाऱ्या किर्लोस्कर ब्रदर्सचं नाव सुचवलं आणि भारत, थायलंड व ब्रिटनमधल्या कार्यालयांतून कंपनीचे तज्ज्ञ ५ जुलैपासून गुहेवर दाखल झाले. त्यांत सांगली जिल्ह्यातले एक अभियंताही होते. काटकोनात वळणाऱ्या बोगद्यातून पाणी उपसायचं, वीज जनरेटरची आणि तीही बेभरवशाची, वर पाऊस थांबत नाही. मोठे पंप आत नेता येईनात, तेव्हा लहान पंपांवर भागवावं लागलं. इकडे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात चार मोठे ऑटोप्राइम पंप विमानाने धाडायला तयार ठेवले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना वसवला तो शेतकऱ्याच्या नांगरासाठी, पुढे विहिरीवरच्या पंपासाठी. विहिरीतलं पाणी शेतात न्यायची ती विद्या इथे गुहा मोकळी करायला कामी आली. एकूण १०० कोटी लिटरहून जास्त पाणी उपसलं गेलं. ते खालच्या भातशेतीत गेलं, रोपं कुजली. काही शेतकऱ्यांनी भरपाई घ्यायलाही नकार दिला. त्या उपशामुळे गुहेच्या तिसऱ्या दालनापर्यंत चालत जाता येऊ लागलं आणि बुडीचं अंतर तेवढं घटलं. पंप नसते तर पुढचं काही शक्यच नव्हतं, असं माझं मत आहे.

ऑस्ट्रेलियाहून डॉ. रिचर्ड हॅरिस आले. पेशाने भूलतज्ज्ञ, छंदाने गुहा-पाणबुडे. सोबत क्रेग चॅलन, निवृत्त पशुवैद्य आणि तेही पाणबुडे. ठरलं ते अंगावर काटा आणणारं होतं. मुलांना केटामिनची पूर्ण भूल द्यायची, हात मागे बांधायचे, तोंडावर संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क, आणि सामानासारखं वाहून आणायचं. वाटेत भूल उतरू लागली तर पाणबुड्याने स्वतः सुई टोचायची. त्याआधी एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात स्थानिक मुलांना घेऊन रंगीत तालीम झाली. मास्क बसतो का, पट्टा कुठे धरायचा, वजन किती लावायचं.

८ जुलैला ४, ९ जुलैला ४. १० जुलैला उरलेली ४ मुलं आणि प्रशिक्षक. त्या शेवटच्या दिवशी ब्रिटिश पाणबुडे ख्रिस ज्युएल एका बेशुद्ध मुलाला घेऊन येत असताना त्यांच्या हातून दोरी सुटली. समोर चहासारखं पाणी. एका हाताने मूल धरलेलं. अशा वेळी जीव घेतो तो पाय मारत शोधत सुटण्याचा आवेग. शिक्षण सांगतं, थांब, जागा सोडू नकोस, हाताने हळू चाचपड. सुमारे चार मिनिटं ते चाचपडत राहिले. दोरी सापडली नाही, बोटांना विजेची एक तार लागली. तिला धरून ते हवेच्या दालनात पोचले. ती पुढची नसून मागची, चौथ्या दालनाची बाजू होती, पण तिथे मुलाला श्वास होता आणि थांबायला जागा होती. मागून येणाऱ्या सहकाऱ्यांच्या मदतीने मूल बाहेर आलं. झाडांखाली डोळे मिटून केलेला सराव त्या चार मिनिटांसाठी असतो.

सगळे बाहेर आल्यावर थोड्याच वेळात मुख्य पंप बंद पडला. तिसऱ्या दालनात पाणी भराभर चढू लागलं आणि मागे राहिलेले बचावकर्ते धावत सुटले.

तिघा मुलांना आणि प्रशिक्षकाला तोवर कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. ऑगस्टमध्ये थायलंडने ते दिलं. हॅरिस आणि चॅलन २०१९ चे 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाले. गुहेत उतरलेले सील कमांडो बेरूत पाकबारा यांच्या रक्तात त्या पाण्यातला संसर्ग शिरला होता. दीड वर्ष उपचार चालले आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. गुहेच्या तोंडाशी आता समान कुनान यांचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे. त्यांच्या पायांशी तेरा रानडुकरं आहेत, कारण त्या फुटबॉल संघाचं नाव रानडुकरांवरून होतं.